प्रोब लागला म्हणतो, पण एकही ओळ येत नाही: बीपीएफट्रेस आणि यूप्रोबची अडचण

रात्रपाळी

मंडळी, दोन रात्री एकाच जागी अडकलोय, म्हणून धागा काढतोय.

आमची सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेली एक सर्व्हिस आहे. ती बाहेरच्या एका सर्व्हरशी टीएलएसवरून, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्टेड जोडणीवरून, बोलते. एरवी उत्तर ६०-७० मिलिसेकंदांत येतं, पण दिवसातून पंधरा-वीस वेळा एखादी रिक्वेस्ट पाच सेकंदांच्या वर जाते. लॉगमध्ये 'पाठवली' आणि 'उत्तर आलं' एवढ्या दोनच ओळी, मधलं काही नाही. लॉग वाढवून नवीन बिल्ड चढवायचं तर मंजुरीतच आठवडा जातो. म्हणून ठरवलं, चालत्या प्रोसेसलाच विचारू.

मशीनवर उबुंटू २२.०४ आहे. बीपीएफट्रेस या ट्रेसिंगच्या टूलने ओपनएसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीतल्या एसएसएल_राइट (पाठवणं) आणि एसएसएल_रीड (वाचणं) या फंक्शनांवर यूप्रोब लावले, म्हणजे फंक्शन सुरू होताना ओळ छापणारे सापळे; लागलेला वेळ मोजायला यूरेटप्रोबही लावले, ते फंक्शन संपताना वाजतात. सर्व्हिसचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देऊन, रूटने चालवतोय. एरर काही नाही. 'अटॅचिंग ४ प्रोब्स' असं येतं आणि पुढे शांतता. त्याच वेळी टीसीपीडम्पमध्ये नेटवर्कवरची पॅकेट दिसतात, म्हणजे सर्व्हिस काम करतेय.

दोन्ही सिम्बॉल (फंक्शनांची नावं) लायब्ररीत आहेत, तपासलंय. हीच स्क्रिप्ट माझ्या लॅपटॉपवर नीट चालते. इथे काय चुकत असेल?

चिंचोका

ओपनएसएसएल स्टॅटिक लिंक केलेलं नाही ना? तसं असेल तर सगळं बायनरीच्या पोटात असतं आणि सिस्टीमच्या लायब्ररीकडे कोणी फिरकत नाही. एलडीडी चालवून बघा, बायनरी कुठल्या लायब्रऱ्या जोडते ते दाखवतं.

रात्रपाळी

बघितलं. लिबएसएसएल.एसओ.३ सिस्टीमच्या नेहमीच्या फोल्डरमधूनच घेतोय असं एलडीडी सांगतं. स्टॅटिक नाही.

हिमरू

सर्व्हिस कंटेनरमध्ये आहे का? मी यात एकदा पूर्ण शनिवार घालवलाय.

यूप्रोब प्रोसेसला लागत नाही, फाइलला लागतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. नावाला किंवा पाथलाही नाही, फाइलच्या आयनोडला, म्हणजे डिस्कवर त्या फाइलची जी स्वतःची नोंद असते तिला. तुम्ही पाथ देता, कर्नल तो उलगडून आयनोड काढतो आणि 'या आयनोडमधल्या अमुक ऑफसेटवर' अशी नोंद ठेवतो. मग ज्या प्रोसेसने तो आयनोड मेमरीत मॅप केलाय, तिच्या त्या पानाची वेगळी प्रत करून तिथे ब्रेकपॉइंटची सूचना टाकतो. एक्स८६ वर ती एका बाइटची असते. प्रोसेस तिथे पोचली की कर्नलमध्ये उडी, तुमचा प्रोग्रॅम चालतो, मूळ सूचना बाजूला ठेवलेल्या जागेत चालवली जाते आणि प्रोसेस पुढे जाते.

कंटेनरच्या आतली लायब्ररी म्हणजे वेगळी फाइल, वेगळा आयनोड. पाथ अक्षरन् अक्षर सारखा असला तरी होस्टच्या फाइलवर लावलेला प्रोब आत वाजणार नाही. अशा वेळी प्रॉक या कर्नलच्या माहिती-फोल्डरखाली त्या पीआयडीच्या फोल्डरमध्ये 'रूट' नावाचा दुवा असतो, त्यातून आत शिरून पाथ द्यायचा. आणि कंटेनर अल्पाइन लिनक्सचा असेल तर तिथे ग्लिबसी ही नेहमीची सी लायब्ररी नसून मसल असते, हेही ध्यानात ठेवा.

गोधडी

अजून दोन शक्यता मांडते.

पहिली: ओपनएसएसएल १.१.१ पासून एसएसएल_रीड_ईएक्स आणि एसएसएल_राइट_ईएक्स अशी वेगळी फंक्शनं आली आहेत. तुमचा कोड किंवा मधली एखादी लायब्ररी ती वापरत असेल, तर जुन्या नावांवरचे प्रोब गप्प बसतील. चारही नावांवर लावून बघा.

दुसरी: जीआरपीसी (सर्व्हिसनी एकमेकींशी बोलायची लायब्ररी) वापरता का? त्याच्यासोबत बोरिंगएसएसएल, म्हणजे ओपनएसएसएलवरूनच काढलेली वेगळी लायब्ररी, पोटातच येतं. सिम्बॉलांची नावं तीच, कोड वेगळा. एलडीडीमध्ये ओपनएसएसएल दिसतं ते दुसऱ्याच कुणासाठी जोडलेलं असतं, आणि खरी वाहतूक बोरिंगएसएसएलमधून चाललेली असते.

रात्रपाळी

कंटेनर नाही, सिस्टीमडीखाली थेट चालते. जीआरपीसी नाही. ईएक्सवाली दोन्ही नावं जोडून पाहिली, आता 'अटॅचिंग ८ प्रोब्स' येतं आणि तीच शांतता.

कोकणवारा

माझी आई एकदा मागून स्क्रीन बघत होती. 'अटॅचिंग' म्हणजे काय विचारलं, म्हटलं चिकटवतोय. अर्ध्या तासाने चहा घेऊन आली आणि म्हणाली, 'अजून वाळलं नाही का रे?' तेव्हापासून आमच्या टीममध्ये प्रोब लागून गप्प बसला की 'वाळतोय' म्हणतात.

कामाचं: कर्नल लॉकडाउन, परफची परानॉइड सेटिंग वगैरे ट्रेसिंग अडवणाऱ्या गोष्टी इथे बाद धरा. त्यांनी अडवलं असतं तर एरर आला असता. तुमच्याकडे एरर नाही, म्हणजे प्रोब कुठेतरी लागलाय. हव्या त्या जागी लागलेला नाही.

म्युनिकवासी

एलट्रेसने, लायब्ररीचे कॉल दाखवणाऱ्या टूलने, करून बघितलं का?

गोधडी

@म्युनिकवासी, एलट्रेस आजच्या उबुंटूवर बहुतेक बायनरींसाठी मुकाच असतो. तो पीएलटीवर टपून बसतो, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनकडे जाताना मधे जे उडीचं कोष्टक लागतं तिथे. उबुंटूने १६.१० पासून बायनरी पीआयई आणि 'बाइंड नाऊ' या सुरक्षेच्या पर्यायांसकट बनवायला सुरुवात केली, नंतर इंटेलच्या सीईटी या संरक्षणासाठी पीएलटीचा आकारही बदलला, आणि एलट्रेस ते कोष्टक ओळखेनासा झाला. थेट 'एक्झिटेड' अशी शेवटची ओळ येते. नवशिक्यांना वाटतं आपल्या प्रोग्रॅमने लायब्ररी वापरलीच नाही. मी दोन ज्युनिअर मुलींना याच गोंधळातून बाहेर काढलंय. सिम्बॉलवर थेट ब्रेकपॉइंट लावायचा पर्याय त्यात आहे, तो वापरला तर चालतो.

ओसरी

मला मुळातच हे पटत नाही. प्रॉडक्शनमधल्या चालत्या प्रोसेसच्या कोडात रूट होऊन ब्रेकपॉइंट टाकायचे, आणि कारण काय, तर मंजुरीला आठवडा लागतो? मंजुरीची पद्धत सुधारा. कोडमध्ये नीट वेळा नोंदवा. आमच्याकडे एकाने मॅलॉकवर (मेमरी मागणाऱ्या फंक्शनवर) यूप्रोब लावला होता, सर्व्हिस अक्षरशः उभी राहिली. ग्राहकांचे फोन मी घेतले.

पिंपळपान

ओसरी, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. एका यूप्रोबला साधारण एक-दोन मायक्रोसेकंद लागतात, कारण प्रत्येक वेळी कर्नलमध्ये जाऊन यावं लागतं. मॅलॉक सेकंदाला १० लाख वेळा चालत असेल तर सेकंदातला किमान एक सेकंद नुसता प्रोबमध्येच जाईल. एवढा गुणाकार आधी कागदावर केला असता तर तो प्रोब लागलाच नसता. रात्रपाळींची सर्व्हिस सेकंदाला काहीशे वेळा एसएसएल_राइटला हात लावत असेल. तिथे हा खर्च जाणवणारही नाही. एसट्रेस (सिस्टीम कॉल छापणारं टूल) लावला असता तर मात्र तुमची भीती मला पटली असती. तो पीट्रेसवर चालतो आणि प्रत्येक सिस्टीम कॉलला प्रोसेस दोनदा थांबवतो. परफॉर्मन्सवर लिहिणाऱ्या ब्रेंडन ग्रेग यांनी डीडी या छोट्या प्रोग्रॅमवर, एकेक बाइट वाचायला लावून, मोजलं होतं: एसट्रेसखाली तो ४४२ पट हळू झाला.

रात्रपाळी, एक साधा प्रयोग करा. पीआयडीची अट काढून टाका, प्रोब लावा, आणि त्याच मशीनवर दुसऱ्या खिडकीत कर्लने कुठलीही एचटीटीपीएस साइट उघडा. ओळी येतात का सांगा. लॅपटॉपवर चालतं याला पुरावा मानू नका, ते वेगळं मशीन आहे.

ओसरी

गुणाकार करणारे तुमच्यासारखे असतील तर ठीक. बहुतेक जण इंटरनेटवरची ओळ उचलतात आणि चिकटवतात. माझं मत कायम आहे. फार तर यूएसडीटी वापरा. कोड लिहिणाऱ्याने स्वतः ठरवून ठेवलेल्या जागा असतात, बंद असताना तिथे फक्त एक नॉप, म्हणजे काहीच न करणारी सूचना, पडून असते.

आजोळ

यूएसडीटीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी सोलॅरिस या सनच्या युनिक्सवर वाढलेला माणूस. २००५ साली सोलॅरिस १० सोबत डीट्रेस हे ट्रेसिंगचं टूल हातात आलं, तेव्हा आमच्या डेटाबेसच्या खोलीत सणासारखं वातावरण होतं. ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि ॲडम लेव्हेंथल या तिघांचं ते काम. चालत्या प्रोसेसला हात न लावता, रीस्टार्ट न करता, कुठल्याही फंक्शनच्या दारात उभं राहता येतं ही कल्पनाच आम्हाला नवी होती. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये यूप्रोब यायला २०१२ उजाडलं, ३.५ आवृत्तीत. यूरेटप्रोब पुढच्या वर्षी ३.१० मध्ये.

ओसरी म्हणतात ती भीती तेव्हाही होती. आमचे साहेब म्हणायचे, आधी चाचणीच्या मशीनवर लाव, मग इकडे ये. ती सवय अजून मोडलेली नाही, आणि मोडू नये.

तिळगूळ

विषयांतराबद्दल माफ करा, पण यूरेटप्रोबचा विषय आहे म्हणून सांगतेच. गो भाषेतल्या सर्व्हिसवर यूरेटप्रोब लावू नका. मी लावला आणि प्रोसेस जागच्या जागी पडली.

यूरेटप्रोब स्टॅकवरचा परतीचा पत्ता बदलून तिथे स्वतःच्या ट्रॅम्पोलिनचा (मधल्या छोट्या कोडचा) पत्ता ठेवतो. सीमधल्या कोडला त्याचा पत्ताही लागत नाही. गोमधली गोरूटीन (हलका थ्रेड) मात्र २ केबीच्या छोट्या स्टॅकवर सुरू होते आणि जागा कमी पडली की रनटाइम तो पूर्ण स्टॅक उचलून मोठ्या जागी नेतो. नेताना तो एकेक परतीचा पत्ता तपासतो. मध्येच अनोळखी पत्ता सापडला की 'अनएक्सपेक्टेड रिटर्न पीसी' म्हणून प्रोसेसच संपवतो. त्याच्या जागी तो बरोबरच आहे.

उपाय: फंक्शन डिसअसेम्बल करून त्यातल्या प्रत्येक रिटर्न सूचनेच्या ऑफसेटवर साधा यूप्रोब लावायचा. कंटाळवाणं आहे, पण सुरक्षित. आणखी एक: गो १.१७ पासून आर्ग्युमेंट रजिस्टरमधून जातात, तेही सीच्या क्रमाने नाही. जुन्या लेखांतल्या स्क्रिप्टा स्टॅकवरून वाचतात आणि निव्वळ कचरा छापतात.

म्युनिकवासी

@तिळगूळ, याच जातीचा माझा किस्सा. सीची साधी सर्व्हिस, डॉकरमध्ये. यूरेटप्रोब लावला की सेगफॉल्ट. होस्टवर तीच बायनरी ठणठणीत. चार दिवस मी मेमरी करप्शन शोधत होतो.

कारण भलतंच निघालं. कर्नल ६.११ मध्ये यूरेटप्रोब वेगवान करायला त्यासाठी एक स्वतंत्र सिस्टीम कॉल आणला, एक्स८६-६४ साठी. तो कॉल प्रोसेसच्याच नावाने होतो. डॉकरच्या नेहमीच्या सेककॉम्प यादीत ठरावीक कॉलच मंजूर असतात, हा नवा तिला माहीतच नव्हता. तिने नाकारला, ट्रॅम्पोलिनला परत कुठे जायचं कळेना, प्रोसेस कोसळली. नंतर ६.१४ मध्ये सेककॉम्पने या कॉलला न तपासता सोडावं अशी दुरुस्ती आली. तेव्हा मधली कर्नल आणि डॉकर अशी जोडी असेल तर जपून.

रात्रपाळी

@पिंपळपान, केलं. आणि आता जास्तच गोंधळलोय.

पीआयडीची अट काढली, त्याच मशीनवर कर्ल चालवलं. कर्लला सुरुवातीला थोडा वेळ लागला, मग ओळी आल्या! एसएसएल_राइट, एसएसएल_रीड, सगळं दिसलं. म्हणजे लायब्ररी बरोबर, सिम्बॉल बरोबर, स्क्रिप्ट बरोबर. पण माझ्या सर्व्हिसची एकही ओळ नाही, आणि ती तर त्याच मिनिटाला शेकडो रिक्वेस्टा पाठवत होती.

पिंपळपान

उत्तर तुमच्या हातात आलंय. कर्ल आत्ता सुरू झालं. सर्व्हिस कधी सुरू झालीय?

प्रॉकखाली त्या पीआयडीच्या फोल्डरमध्ये मॅप्स नावाची फाइल आहे. एलडीडी सांगतो की आत्ता सुरू केलं तर काय जोडलं जाईल. मॅप्स सांगते की या प्रोसेसच्या मेमरीत खरोखर काय आहे. त्यात लिबएसएसएलच्या ओळी शोधा, आणि ओळीच्या शेवटी काय लिहिलंय ते वाचा.

रात्रपाळी

ओळीच्या शेवटी 'डिलीटेड' असं लिहिलंय. लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो, दोन्हींच्या पुढे.

सर्व्हिस ५२ दिवसांपासून चालू आहे.

हिमरू

झालं. उबुंटूवर अनअटेंडेड अपग्रेड्स आपोआप सुरक्षेचे अपडेट बसवतं. डीपीकेजी, पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, जुन्या फाइलवर लिहीत नाही. नवी फाइल शेजारी उतरवतं आणि मग नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवतं. नाव तेच, आयनोड नवा. जुना आयनोड फोल्डरमधून गेला, पण तुमच्या सर्व्हिसने तो मॅप करून धरलाय, म्हणून डिस्कवर जिवंत आहे. तुमचा प्रोब नव्या आयनोडवर लागला. कर्लने नवा घेतला, म्हणून कर्ल दिसलं. पाटी तीच, घरात राहणारे बदलले.

मी कंटेनरच्या मागे लागलो होतो ते चुकलं, पण मूळ एकच: पाथ सारखा म्हणजे फाइल सारखी असं नसतं.

गोधडी

रीस्टार्ट न करता त्या जुन्या आयनोडवर लावता येईल का? प्रॉकमधून जुन्या लायब्ररीची प्रत काढून तिच्यावर प्रोब लावला तर?

हिमरू

प्रत काढून नाही. प्रत काढली की तिसरा आयनोड तयार झाला. बाइट सगळे तेच, तरी प्रोब वाजणार नाही. आणि इथे रीस्टार्ट टाळायचाच का? सांजवात इकडे आल्या तर त्या काय म्हणतील ते मला माहीत आहे.

सांजवात

आले, आणि तेच म्हणते. दहाहून जास्त वर्षं मी सर्व्हर सांभाळतेय आणि हा धागा वाचून मला प्रोबपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली.

रात्रपाळी, तुमच्या मशीनवर ओपनएसएसएलचा सुरक्षा अपडेट बसलाय. पॅकेजची आवृत्ती विचारणारं कुठलंही स्कॅनर हिरवी खूण देईल. ऑडिटच्या कागदावरही 'पॅच झालं' असंच येईल. पण जी प्रोसेस रात्रंदिवस बाहेरच्या जगाशी टीएलएस बोलतेय, ती जुनाच कोड चालवतेय, ज्या भोकासाठी अपडेट आला त्या भोकासकट. डिस्क दुरुस्त झाली, मेमरी नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड या भोकाच्या वेळी कितीतरी ठिकाणी पॅकेज लगेच बदललं गेलं, पण सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या राहिल्या आणि लोक 'पॅच करूनही मशीन असुरक्षित दाखवतंय' म्हणत बसले. तेव्हा मी नवीन होते. त्या आठवड्यात जे शिकले ते कायमचं.

आजच करा: नीडरीस्टार्ट चालवा, जुन्या लायब्रऱ्या धरून बसलेल्या प्रोसेस ते दाखवतं. डेबियनवर चेकरीस्टार्टही आहे. फेडोरा किंवा रेडहॅटवर डीएनएफचं नीड्स-रीस्टार्टिंग. काहीच नसेल तर सगळ्या प्रोसेसच्या मॅप्स फाइलींत 'डिलीटेड' शोधा, पण फक्त एसओ फाइलींच्या ओळी मोजा, कारण शेअर्ड मेमरी आणि तात्पुरत्या फाइलींपुढेही तो शब्द येतो. तिथे घाबरायचं कारण नाही.

ओसरी

हे मात्र मान्य. या धाग्यावर मी ट्रेसिंगच्या विरोधात बोललो, पण ट्रेसिंग केलं नसतं तर हे बाहेर आलं नसतं. आमच्या टीमला लिंक पाठवतोय.

अळूवडी

मला एक विचारायचंय, थोडं वेगळं. माझ्याच कोडमधलं एक फंक्शन आहे, त्यावर प्रोब लागतो, ओळी येतात, पण लॉगमधल्या आकड्यापेक्षा निम्म्याच. लायब्ररी एकच, रीस्टार्ट कालच केलंय. याचं कारण काय?

गोधडी

इनलाइन झालंय. कंपायलरने काही ठिकाणी फंक्शनचा कोड थेट बोलावणाऱ्याच्या पोटात टाकला आणि काही ठिकाणी खरी उडी ठेवली. प्रोब फक्त उडीच्या दारात बसलाय. पूर्णच इनलाइन झालं असतं तर सिम्बॉलच सापडला नसता किंवा एकही ओळ आली नसती, आणि तुम्हाला लगेच कळलं असतं. अर्धवट इनलाइनमध्ये आकडे खरे वाटतात, म्हणून ते जास्त घातक. सिम्बॉलांच्या यादीत त्या नावापुढे 'पार्ट', 'इस्रा' किंवा 'कॉन्स्टप्रॉप' अशी शेपटी लावलेलं भावंड दिसतंय का बघा, जीसीसी अशा प्रती काढतो. त्या फंक्शनला 'नोइनलाइन' लावून बिल्ड करा, किंवा यूएसडीटी घाला. इथे ओसरींचा सल्ला योग्य आहे.

अळूवडी

'पार्ट' आणि 'कॉन्स्टप्रॉप' दोन्ही सापडले! दोन्हींवर प्रोब लावल्यावर आकडा जवळपास जुळला. अजून थोडा कमी येतोय, तो पूर्ण इनलाइन झालेल्या जागांचा असावा. खूप आभार ताई.

कोकणवारा

आकडे जुळले, पण यूस्टॅकने छापलेला स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं ती यादी) दोन ओळींत संपतो, हे कुणी सोडवलंय का? की तोही वाळतोय?

पिंपळपान

फ्रेम पॉइंटर, म्हणजे चालू फंक्शनची स्टॅकवरची जागा धरून ठेवणारं रजिस्टर. बीपीएफट्रेस यूजर-स्टॅक चालताना फ्रेम पॉइंटरची साखळी धरून वर चढतो. ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये कंपायलर ते रजिस्टर दुसऱ्या कामाला लावतो, साखळी तुटते. तुमचा कोड 'नो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर'ने बांधा. पण मधल्या लायब्रऱ्याही तशाच बांधलेल्या हव्यात, नाहीतर तिथे पुन्हा तुटेल. फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ पासून त्यांची पॅकेजं फ्रेम पॉइंटरसकट येतात. २२.०४ वर नाही. तिथे परफ या टूलला ड्वार्फ (डीबगची माहिती) पद्धतीने स्टॅक घ्यायला सांगा, डेटा बराच जमतो पण निदान खरा असतो.

तिळगूळ

मॅकवाल्यांचं काय? माझ्या मॅकवर डीट्रेस आहे, पण सिस्टीमच्या कुठल्याच प्रोग्रॅमवर चालत नाही.

आजोळ

२०१५ मध्ये एल कॅपिटनसोबत सिस्टीम इंटेग्रिटी प्रोटेक्शन आलं, तेव्हापासून ॲपलच्या स्वतःच्या बायनरी डीट्रेसला बंद आहेत. स्वतः कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमवर करून बघा. संरक्षण बंद करण्याचा सल्ला मी रोजच्या मशीनसाठी देणार नाही.

रात्रपाळी

परत आलो. कालपासून बरंच घडलं.

रात्री साडेअकराला सर्व्हिस रीस्टार्ट केली. प्रोब लावले आणि पहिल्याच सेकंदाला ओळी सुरू. खोलीत मी एकटाच होतो, तरी मोठ्याने 'आलं' म्हणालो.

पण मूळ दुखणं तसंच आहे. रात्रभर मोजलं. एसएसएल_राइट काही मायक्रोसेकंदांत संपतं, एसएसएल_रीड ६०-७० मिलिसेकंद, कमाल ९०. सकाळी दोन रिक्वेस्टा पुन्हा पाच सेकंदांवर गेल्या आणि त्या वेळी एसएसएलमध्ये काहीच अडकलं नव्हतं. हँडशेकसाठी एसएसएल_कनेक्टही मोजलं, तेही ठीक. म्हणजे टीएलएसवरचा माझा संशय चुकीचा होता. वेळ त्याच्या आधीच कुठेतरी जातोय.

चिंचोका

पाच सेकंद म्हणजे नेमके किती? ४.३, ५.८ असे विखुरलेले, की प्रत्येक वेळी पाच आणि वर थोडंसं?

रात्रपाळी

थांबा, बघतो. ५.०६, ५.०७, ५.०६, ५.०९. सगळे असेच.

चिंचोका

मग डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणं, बघा. ग्लिबसीचा रिझॉल्व्हर नेमसर्व्हरच्या उत्तरासाठी डिफॉल्ट ५ सेकंद थांबतो, मग यादीतल्या पुढच्याकडे जातो. पाच सेकंद तिथे आणि तुमचे नेहमीचे साठ-सत्तर मिलिसेकंद वर. आणि तुम्ही वर लिहिलं होतंत की कर्ललाही सुरुवातीला थोडा वेळ लागला. तेव्हाच मला टोचलं होतं, पण 'डिलीटेड'च्या आनंदात राहून गेलं.

कनेक्शन दर वेळी नवं उघडता, की धरून ठेवता?

रात्रपाळी

धरून ठेवतो. समोरच्याने तोडलं तरच नवं. आणि ते दिवसातून साधारण पंधरा-वीस वेळा होतं. अरे देवा.

चिंचोका

लिबसीमधल्या गेटॲड्रइन्फो या नावावरून पत्ता शोधणाऱ्या फंक्शनवर प्रोब लावा. बीसीसी या टूलसंचात आणि बीपीएफट्रेसच्या उदाहरणांतही गेटहोस्टलेटन्सी नावाचं तयार टूल आहे, नेमकं हेच मोजतं. एकच काळजी: तुमचा कोड सी-एरेससारखा स्वतःचा रिझॉल्व्हर वापरत असेल तर लिबसीचा प्रोब पुन्हा गप्प बसेल. आता गप्प बसला तर काय बघायचं ते तुम्हाला माहीत आहे.

रात्रपाळी

दुपारी दोनला एक कनेक्शन तुटलं आणि पकडलं. गेटॲड्रइन्फो: ५००४ मिलिसेकंद.

या मशीनवर रिझॉल्व्ह.कॉन्फ, म्हणजे नेमसर्व्हरांची यादी असलेली फाइल, कुणीतरी हाताने लिहिलेली आहे. त्यात दोन नेमसर्व्हर. पहिला पत्ता गेल्या वर्षी बंद केलेल्या मशीनचा निघाला. तिथून उत्तर येणारच नाही, पाच सेकंद वाट बघून दुसऱ्याकडे. ग्लिबसी स्वतः उत्तर साठवून ठेवत नाही, त्यामुळे प्रत्येक नव्या कनेक्शनला तीच पाच सेकंदं. सर्व्हिसचा दोष नव्हता, ओपनएसएसएलचा नव्हता, समोरच्या सर्व्हरचा तर मुळीच नव्हता. गेले दोन महिने आम्ही त्यांना ईमेल पाठवतोय. उद्या सकाळी पहिलं काम, त्यांना फोन करून माफी मागणं.

ओळ काढली. संध्याकाळपर्यंत सहा नवी कनेक्शनं झाली, सर्वांत जास्त वेळ १४० मिलिसेकंद.

सांजवातताई, तुम्ही सांगितलेलं नीडरीस्टार्ट त्या मशीनवर चालवलं. जुन्या लायब्रऱ्या धरून बसलेल्या अजून अकरा प्रोसेस निघाल्या. तीन आज रीस्टार्ट केल्या, बाकीच्यांसाठी रविवारची पहाट मागून घेतलीय.

सांजवात

रविवारी रीस्टार्ट झाल्यावर मॅप्स पुन्हा तपासा, नुसत्या सिस्टीमडीच्या 'ॲक्टिव्ह'वर जाऊ नका. काही सर्व्हिसचं 'रीलोड' फक्त सेटिंग नव्याने वाचतं, प्रोसेस तीच राहते आणि लायब्ररीही तीच.

अळूवडी

मी आत्ताच आमच्या दोन मशीनवर शोधून पाहिलं. पहिलीवर चार प्रोसेस, दुसरीवर नऊ. त्यातली एक २०० दिवसांपासून चालू आहे आणि ती लॉगिनचं काम करते. रात्रीचे दहा वाजलेत, पण साहेबांना फोन लावतेय.